मूठ कुणाच्या हातासाठी?

मराठीत ‘मूठ’ हा शब्द मोठा कर्तबगार आहे. झाकलेली असली तर ती सव्वा लाखाची ठरते. पेरणीच्या दिवशी चाड्यावर धरली की शेतकऱ्याच्या वर्षाचा आरंभ करते. मांत्रिकाने मारली, असे कळले की भोळ्या माणसाची झोप उडवते. आणि अखेरीस आप्तांच्या हातून माती होऊन आपल्याला निरोपही तीच देते. हाताची बोटे मिटली की मूठ होते, आणि ती बोटे ज्या वस्तूवर मिटतात तिलाही आपण मूठच म्हणतो. तलवारीची मूठ, सुरीची मूठ, छत्रीची मूठ. धरणारा हात आणि धरली जाणारी वस्तू या दोहोंना एकच नाव देणाऱ्या भाषेला काहीतरी ठाऊक असले पाहिजे, असे मला वर्गात शिकवताना नेहमी वाटत आले. ते ‘काहीतरी’ नेमके काय, हे मात्र गेल्या पावसाळ्यात मला एका पिस्तुलाने शिकविले.

कौटुंबिक मासिकात पिस्तुलाचे काय काम, असे वाचकभगिनींना वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण ज्या घरात निवृत्त सैनिक आहे, त्या घरात कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतोच. आणि आमच्या इंदूर-महूकडे अशी मराठी घरे थोडीथोडकी नाहीत.

माझे थोरले मेहुणे, ज्यांना सारे नाना म्हणतात, सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झाले. वय 72. पत्नी निवर्तल्यापासून घरात एकटेच असतात. मुलगा अमेरिकेत, मुलगी देवासजवळ घरची शेती स्वतः पाहते. सैन्याच्या नेहमीच्या वापरात नसलेली काही हत्यारे अधिकाऱ्यांना जबलपूरच्या आयुध भांडारातून रीतसर विकत घेता येत. त्या सोयीचा लाभ घेऊन नानांनी 1984 साली एक लहानसे जर्मन पिस्तूल घेतले. वॉल्थर कंपनीचे पीपीके, 7.65 मिलिमीटरचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला बत्तीस बोअर म्हणतात ते. परवाना आहे, नूतनीकरणाची तारीख आजवर एकदाही चुकलेली नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे नानांनी ते चांदमारीखेरीज कधी चालविलेले नाही. दर दसऱ्याला मात्र ते पाटावर येते, त्याला हळदीकुंकू आणि आपट्याचे पान वाहिले जाते आणि पुन्हा ते कुलपात जाते.

गेल्या वर्षी पाटावर ठेवताना ते नानांच्या हातून निसटले आणि फरशीवर पडले. रिकामे होते, म्हणून केवळ मूठच फुटली.

ही मूठ कशी असते, ते थोडे सांगावयास हवे. वॉल्थरने 1929 साली पोलिसांसाठी पीपी नावाचे पिस्तूल काढले आणि 1931 साली त्याचीच आखूड आवृत्ती, पीपीके. थोरल्या पीपीच्या मुठीला मागे पोलादी कणा असतो आणि दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या बसविलेल्या असतात. धाकट्या पीपीकेला मागचा पोलादी कणा नाही. त्याची मूठ एकसंध असते. ती मागून पुढे घोड्याच्या पाठीवरील खोगिरासारखी बसते आणि एका स्क्रूने आवळली जाते. अर्थात तळव्याला टेकणारी पाठ ही मुठीचीच पाठ. म्हणून ही मूठ फुटली की नुसते रूप बिघडत नाही, पकडच जाते, आणि आतील कमानही उघडी पडते.

नानांची मूठ त्या काळच्या काळ्या, कडक प्लास्टिकची होती. बॅकेलाइट म्हणून आपण जे ओळखतो, त्याच स्वभावाची. लिओ बेकलँड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनज्ञाने अमेरिकेत 1907 साली बॅकेलाइट सिद्ध केले, आणि जगभरच्या स्वयंपाकघरांत त्याच्या मुठी पोहोचल्या. प्रेशर कुकरचा काळा दांडा आठवा. हा पदार्थ तापला तरी मऊ होत नाही, हा त्याचा गुण. आणि एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळवून सांधता येत नाही, हा त्याचा दोष. कुकरचा दांडा तडकला की गृहिणी तो चिकटवीत बसत नाही, नवा आणते. पिस्तुलाच्या बाबतीत हे शहाणपण नानांना सुचण्यास चार महिने लागले. तोवर त्यांनी ती मूठ तऱ्हेतऱ्हेच्या चिकटद्रव्यांनी जोडून पाहिली, आणि ती दर वेळी नव्या जागी फुटली.

अखेर एके दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. “मास्तर, तुम्ही शब्द पारखून घेता, आता मला एक मूठ पारखून द्या.”

या विषयात मी अगदी कोरा. तथापि, न येणारा धडा शिकविण्याआधी स्वतः वाचावा, ही सवय कामास आली. प्रथम नानांच्या मुलाने अमेरिकेहून जे कळविले ते ऐकले. तिकडे हा एक मोठा छंदच आहे. पूर्व युरोपातील राजवटी 1989 ते 1991 या काळात कोसळल्या, त्यानंतर तेथील सैन्यांची आणि पोलिसांची लहान पिस्तुले शिलकी माल म्हणून अमेरिकेच्या बाजारात उतरली. रशियाचे 1951 साली स्वीकारलेले मकारोव्ह, हंगेरीचे पीए-63, पोलंडचे पी-64, चेकोस्लोव्हाकियाचे सीझेड-82. यांपैकी पहिल्या तिघांवर वॉल्थरच्या रचनेची छाप स्पष्ट दिसते. माल स्वस्त आणि मजबूत. पण मुठी सरकारी, म्हणजे कोणाच्याच हातासाठी न केलेल्या. पोलंडच्या पिस्तुलाचा पहिला चाप अतिशय जड आणि धक्का तीव्र, हंगेरीचे पिस्तूल हलके म्हणून तेही हाताला झोंबते. साहजिकच लोक मुठी बदलू लागले. लाकडाच्या, रबराच्या, रंगीत थरांच्या मुठी करणारे कारागीर आणि कारखाने तिकडे आहेत. मकारोव्हची मूठही पीपीकेसारखीच एकसंध, मागून एका स्क्रूने बसणारी; त्यामुळे ती बदलणे घरच्या घरी होते.

मुलाने अशा दहा-बारा मुठींची चित्रे पाठविली आणि “पसंत करा, मी पाठवितो” असे कळविले. येथे मात्र मी शिक्षकी आवाज लावला. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. परदेशातून टपालाने मूठ मागवावी आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे ‘साहेब, हे नुसते लाकूड आहे’ म्हणून हात जोडीत उभे राहावे, हे नानांसारख्यास शोभणारे नव्हते. हत्यारांच्या दुरुस्तीचा ज्याच्यापाशी परवाना आहे त्या दुकानदाराकडेच जावे, परवान्याचे पुस्तक सोबत न्यावे आणि काम त्याच्याच कारागिराकडून करवून घ्यावे, हा सरळ मार्ग आम्ही धरला.

मग प्रश्न आला तो पदार्थाचा. नानांच्या मनात प्रथम हस्तिदंत होते, ते न मिळाल्यास सांबरशिंग. त्यांच्या आजोबांच्या कट्यारीला तशी मूठ होती म्हणे. परंतु 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढील दुरुस्त्या यांनी या दोन्ही वस्तूंचा व्यापार बंद केला आहे, आणि ते योग्यच झाले. म्हशीचे शिंग दिसते देखणे, पण कोरड्या हवेत त्याचे पापुद्रे सुटतात आणि त्याला कीड लागते. रबराची मूठ घट्ट धरली जाते खरी, पण ती जाड असते, कपड्याला अडकते, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे कपाटात पडली की चिकट होते. राहिले लाकूड. शिसम जड, घट्ट आणि तेलकट अंगाचे. अक्रोड त्याहून हलके, चिवट आणि हवेच्या चढउतारात आपला आकार फारसा न सोडणारे. बंदुकीच्या दस्त्यासाठी अक्रोडाला जगभर मान आहे, तो याच कारणाने.

लाकूड ठरले तरी काम संपत नाही. तंतू कोणत्या दिशेने जातात ते पाहावे लागते. पीपीकेच्या मुठीची पाठ पातळ, आणि तेथे तंतू आडवे गेले तर नवी मूठही पहिल्याच आपटीत फुटणार. आतील पोकळी अशी कोरावी लागते की कमानीला आणि हलणाऱ्या भागांना लाकडाचा स्पर्शही होऊ नये. भर पावसात फुगलेले लाकूड तेथे घासले तर हत्यार ऐन वेळी दगा देईल. पृष्ठभागावर व्हार्निश चढविले तर चकाकी येते, पण घामेजलेल्या हातातून ते सटकते. जवसाचे तेल मुरविले तर चकाकी कमी, पकड अधिक. त्यावर बारीक चौकडीची जाळी कोरली की हात ठरतो. असे एकेक कळत गेले, तसतसा मला या कामात रस येऊ लागला.

आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते. मराठ्यांच्या सैन्यात फिरंग नावाची सरळ, लांब तलवार होती. तिचे पाते युरोपातून आलेले असे, आणि त्यावर मूठ मात्र येथील कारागीर चढवीत. हाताच्या रक्षणासाठी रुंद परज, आणि टोकाला वर निघालेला लांब दांडा, म्हणजे वेळ आली तर दुसऱ्या हातानेही धरता यावी. पाते पोर्तुगीज, जर्मन, कोठलेही असो. मूठ ज्याची, तलवार त्याची. इकडची बाकदार तलवार संग्रहालयात पाहिली की मुले हमखास विचारतात, “सर, मूठ इतकी लहान का?” मूठ लहान नसते; वरची गोल चकती आणि खालची परज यांच्यामध्ये हात घट्ट बसावा, हलू नये, अशी ती बेतलेली असते. पाते तिच्यात लाखेने बसवीत, आणि सैल झाले की शिकलगार ती तापवून पुन्हा भरी. म्हणजे मूठ बदलणे हा काही नवा छंद नव्हे. आपल्याकडील तो जुनाच व्यवहार आहे.

असा सारा अभ्यास घेऊन नाना, त्यांची मुलगी आणि मी, असे तिघे दुकानात गेलो. भाची गाडी चालवायला म्हणून आली होती. दुकानदाराने पिस्तूल रिकामे असल्याची स्वतः खात्री केली आणि आत हाक मारली. एक वृद्ध कारागीर चष्मा पुशीत बाहेर आले. मी माझी वही उघडून अक्रोड, तंतू, जवसाचे तेल, जाळी असे सारे वाचून दाखविले. नानांनी जाड, भरदार मुठीचे चित्र पुढे केले; सैन्यात असताना त्यांना तशीच आवडत असे. कारागिरांनी दोन्ही शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या इंदुरी हिंदीत एवढेच विचारले, “वो सब हो जाएगा साहब. पहले ये बताइए, हाथ किसका है?”

नानांनी उत्तर दिले नाही. त्यांनी नुसता उजवा हात पुढे केला. त्या हाताची तर्जनी आणि अंगठा गेली तीन वर्षे पुरते मिटत नाहीत, हे मला ठाऊक होते. तो हात थोडा कापतो, हे मात्र मी त्या क्षणी प्रथम पाहिले. दसऱ्याला पिस्तूल का निसटले, ते कोणी सांगण्याची आता गरज उरली नाही.

कारागिरांनी तो हात आपल्या हातात घेतला, बोटे हलकेच मिटवून पाहिली आणि पुन्हा सोडली. ते काहीच बोलले नाहीत. दुकानदार कामाचे निमित्त काढून आत गेला. दोन-चार क्षण असे गेले. मग भाची पुढे झाली आणि म्हणाली, “माझ्या हाताचं माप घ्या.”

नानांनी तिच्याकडे चमकून पाहिले. तिने या हत्याराबद्दल कधी आस्था दाखविली नव्हती. उलट “घरात ते असलं की मला झोप लागत नाही,” असे ती आपल्या आत्यापाशी अनेकदा बोलली होती. नाना म्हणाले, “तुला तर हे नको आहे ना?”

ती म्हणाली, “नकोच आहे, बाबा. पण तुमच्यापाशी ते राहावं असं मला त्याहून नको आहे.”

वाचकहो, तीस वर्षांहून अधिक काळ मी मुलांना वाक्यपृथक्करण शिकवीत आलो. या एका वाक्याचे पृथक्करण मला अद्याप करता आलेले नाही. त्यात नकार आहे, स्वीकार आहे, काळजी आहे आणि बापाचा मान राखण्याची धडपडही आहे. नाना बराच वेळ त्या फुटक्या मुठीकडे पाहत राहिले. मग त्यांनी हातातले चित्र घडी करून खिशात घातले आणि कारागिरांना म्हणाले, “इसी के हाथ का बनाइए.”

त्यानंतरचे काम सोपे झाले, कारण आता प्रश्नाला उत्तर होते. भाचीने रिकामे पिस्तूल धरले. कारागिरांनी तिला डोळे मिटून हात समोर उचलायला सांगितले. डोळे उघडले तेव्हा नळी आणि कोपरापुढचा हात एका रेषेत आहेत की नाहीत, ते पाहिले. तर्जनीच्या शेवटच्या पेराचा मऊ भाग चापावर बसतो की नुसते टोक पोहोचते, ते पाहिले. या पिस्तुलाचा पहिला चाप लांब आणि जड असतो, कारण तोच घोडाही मागे खेचतो. मुठीची पाठ जाड झाली तर लहान हाताचे बोट तेथवर पुरत नाही. नानांच्या आवडीची भरदार मूठ तिच्या हाती निरुपयोगी ठरली असती. मॅगझिन सोडण्याची कळ डाव्या बाजूला असते. तिच्याजवळ लाकूड उंच राहिले तर अंगठा अडतो, म्हणून तेथे खोलगट करावयाचे ठरले. मागे सरकणारी स्लाइड अंगठ्याच्या बेचक्याला चावते, हा या पिस्तुलाचा जुना दुर्गुण. म्हणून हात फार वर सरकू नये इतपतच पाठीला उतार द्यावयाचा. करंगळी मात्र मॅगझिनच्या तळाच्या पुढे आलेल्या ओठावर आपोआप टेकली. कारागीर प्रथमच हसले.

“पावसाळ्यात कच्चे लाकूड घेणार नाही,” असे त्यांनी बजावले. एका जुन्या बंदुकीच्या मोडक्या दस्त्याचा अक्रोडाचा तुकडा त्यांच्यापाशी होता, कित्येक वर्षे मुरलेला; त्यातून ही मूठ निघाली. नक्षी नाही, चिन्ह नाही. साधी, बारीक, फिकट तपकिरी. मी वहीत उतरविलेल्यांपैकी निम्म्या गोष्टींची त्यांना गरज पडली नाही.

कायद्याचा भाग सांगितल्यावाचून हा लेख संपविणे अयोग्य होईल, कारण अनेक घरांत याच ठिकाणी चूक होते. पिस्तूल वारशाने मिळते, परवाना वारशाने मिळत नाही. धारक निवर्तल्यावर हत्यार कपाटात तसेच ठेवणे हा गुन्हा आहे. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते. मात्र 2016 च्या शस्त्र नियमांनुसार धारकाचे वय 70 झाले, किंवा हत्यार बाळगून 25 वर्षे झाली, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर त्याला हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाने आपला परवाना रीतसर मिळवावयाचा असतो, आणि तो द्यावा की नाही हे अधिकारी ठरवितात. वडीलधाऱ्यांनी हे काम आपल्या डोळ्यांदेखत उरकावे. आपल्या मागे मुलांनी दुःख करावे, की ठाण्याच्या पायऱ्या चढाव्यात?

भाचीचा अर्ज गेला आहे. निर्णय होईपर्यंत नवी मूठ चढलेले ते पिस्तूल नानांनी दुकानदाराकडे जमा ठेवले आहे. तिने अटी घातल्या आहेत : परवाना मिळाला तर हत्यार लोखंडी तिजोरीत राहील, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दसऱ्याखेरीज ते पाहुण्यांना दाखविले जाणार नाही. परवाना न मिळाला तर ते विकून टाकावयाचे. नानांनी दोन्ही मान्य केले. माझ्या पत्नीला मात्र हे सारे ऐकून रडू आले. दादाचा हात कापतो हे आपल्याला कोणी सांगितले नाही, म्हणून. मलाही ते ठाऊक नव्हते, हे सांगून मी तिची समजूत काढली. पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नव्हते. आठवड्यातून एकदा आम्ही त्यांच्याकडे जेवायला जात होतो. मी त्यांच्याशी जुन्या लढायांविषयी बोललो होतो, हाताकडे पाहिले नव्हते.

परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा फुटकी काळी मूठ टेबलावर होती. तीन तुकडे जुळवून, त्यांवर वर्तमानपत्र उडू नये म्हणून ठेवलेली. अंगठ्याच्या जागी चाळीस वर्षांच्या घर्षणाने ती गुळगुळीत झाली आहे. मी सहज उचलून पाहिली. माझा अंगठा त्या खळग्यात काही बसला नाही.

नाना म्हणाले, “ठेवा मास्तर, ती माझी आहे.”